मृगाची संत्री संपायच्या आत

गोपाळमामांनी थैली ओट्यावर ठेवली, ती लवंडली आणि संत्री स्वयंपाकघरभर पळाली. एक फ्रिजखाली गेलं, एक देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. मामा काटोलहून बसनं येतात तेव्हा दर वेळी हे असंच होतं आणि दर वेळी ते "अरेरे" म्हणतात, जणू पहिल्यांदाच झालं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रयागबाई, मामांची थोरली बहीण, फरशीवर मांडी घालून बसल्या आणि सोलायला लागल्या. त्यांचं संत्रं सोलणं बघत बसावं असं असतं. देठाकडून अंगठा घालायचा, साल अखंड उघडायची, मग एकेका फोडीवरचा पांढरा दोरा न तुटता काढायचा. पहिली फोड भावाला, मग माझ्या नवऱ्याला, अमोलला, मग मला. असं करत करत संत्रं संपलं. त्यांनी साल मुठीत घेतली, दाबली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. बस, एवढंच. हे मी याआधीही पाहिलं असणार, पण कधी डोक्यात शिरलं नव्हतं. मामा म्हणाले, "बाई, यंदाबी नाई?" आई म्हणाल्या, "नाई." "मंजे अजून पुरी नाई झाली?" आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात फोड होती. मी विचारलं, "काय पुरी नाही झाली?" तर मामा म्हणाले, "तुही कादंबरी ना वं! बाईनं संत्रं सोडलं हाय तिच्यापायी. रामटेकच्या रामापाशी. तुले मालूमच नाई काय?"

मला मालूम नव्हतं. ती फोड कशी गिळली तेही आठवत नाही. आई भावावर डाफरल्या, "तुले कोणी सांगतलं होतं बोंबलाले?" आणि साली गोळा करून उठल्या. मी त्यांच्या मागे मोरीपर्यंत गेले. काहून, आई? असं काहून केलं? नागपुरात इतकी वर्षं काढून माझ्याही तोंडी 'का'ऐवजी 'काहून' बसला आहे, विशेषतः घाबरले की. त्या म्हणाल्या, "तूच बोलली होती ना पायरीवर." आणि नळ सोडला. नळ सोडला की आईंचं बोलणं संपतं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पायरीवर. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, गेल्याच्या आदल्या वर्षीची कार्तिकातली जत्रा. धापा टाकत आम्ही एका वळणावर बसलो होतो, माकडं आमच्या फुटाण्यांवर डोळा ठेवून होती, आणि अमोलची चुलतबहीण श्वेता, जिला कुणाच्या दुखऱ्या जागी नेमकं बोट ठेवायचं याचं देवानं दिलेलं ज्ञान आहे, म्हणाली, "मग वहिनी, कादंबरी कुठवर आली? बँक सोडून बराच काळ झाला ना आता?" बँकेतली नोकरी मी मुदतीआधी सोडली ती लिहायला वेळ मिळावा म्हणून. वेळ मिळाला. लिहिणं तेवढं राहिलं. मी तिला गप्प करायला म्हटलं, "रामनवमीपर्यंत पुरी करते." कुणी विचारलं नव्हतं कधीपर्यंत, तारीख माझी मीच काढली, वाऱ्यावर सोडली आणि फुटाणे खाल्ले. पण त्या पायऱ्यांवर बोललेलं खाली पडत नाही, असा आईंच्या माहेराचा समज आहे. तिथं कुणी काही बोललं तर ते रामानं ऐकलेलं असतं, आणि बोलणाऱ्याला त्याची पर्वा नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याचा भार उचलायचा असतो. सुनेला पर्वा नाही हे आईंना उतरता उतरताच कळलं असावं. त्यांनी तिथंच, कुणाला न सांगता, संत्रं सोडलं. काटोलच्या बागेत जन्मलेल्या बाईनं. कारलं नाही सोडलं, वांगं नाही सोडलं. आवडतं तेच सोडायचं असतं ना.

त्यानंतर ती रामनवमी आली आणि गेली. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत. दिवाळीला आंबिया बहाराची संत्री आली, रस्त्यारस्त्यावर ढीग लागले, संपली. मी म्हटलं, आता मात्र यंदाच्या रामनवमीला नक्की. प्रत्येक वेळी ही नवी तारीख मी चहा पिता पिता हसत हसत सांगितली होती आणि प्रत्येक वेळी समोर आई बसल्या होत्या. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. "हाव, होईन होईन," म्हणायच्या आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतायच्या. आता मला तो ओतलेला चहा आठवतो. माझ्यासाठी कुणी देव पाण्यात घालून बसलं असेल हे मला स्वप्नातही आलं नव्हतं. आपल्या लिहिण्याशी आपलंच भांडण आहे, ते आपल्या खोलीत दार लावून चाललंय, असं मी समजत होते, आणि इकडे ओट्यावर त्याची झळ एका म्हातारीच्या जिभेला लागत होती.

दार लावून मी काय करत होते ते आता सांगते. मी मसाल्याच्या डब्यांना नवी नावं चिकटवली. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला टाकल्या. टेबल खिडकीकडे सरकवलं, मग उजेड डोळ्यावर येतो म्हणून भिंतीकडे, मग भिंत अंगावर येते म्हणून पुन्हा खिडकीकडे. नाचता येईना अंगण वाकडं. अमोल दारातून डोकावून म्हणायचा, "काय करून राहिली यार तू? लिहून राहिली का फर्निचर हलवून राहिली?" पण खरं सांगायचं तर कादंबरी लिहून झाली नव्हती असं नाही. झाली होती. सगळी झाली होती, फक्त शेवट सोडून. आणि शेवट काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कादंबरीतली म्हातारी, पंचफुला, शेवटी मरते. लग्न होऊन गावात येते, बाग लावते, माणसं जोडते, तोडते, म्हातारी होते आणि मरते. सरळ गोष्ट. बाई आली, बाई गेली. पंचफुला सुरुवातीला कुणीच नव्हती, नुसतं एक नाव होतं. पण लिहिता लिहिता तिला हात हवे होते, तर मी जवळचे हात घेतले. नथ नसताना नाकाला उगाच बोट लावून बघायची सवय हवी होती, ती घेतली. रागावली की नळ सोडायची, तेही घेतलं. अर्धी कादंबरी झाली तेव्हा एके दिवशी पंचफुला मान वर करून बघते असं एक वाक्य लिहिलं आणि मी खुर्ची मागे सरकवली, कारण वर बघणारा चेहरा आईंचा होता.

मग कुठलं मरण आणि कुठलं काय. मी पंचफुलाला जगवायला लागले. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. तिला काशीला पाठवलं आणि परत आणलं. शेजारणीशी नळावरून असं भांडण लावून दिलं की ते दोन प्रकरणं पुरलं. नातीचं लग्न लांबवलं, कारण लग्नानंतर पंचफुलाला मरावं लागलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल बाई आळशी आहे. मी आळशी आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण आळसाच्या पोटात ही भीती बसली होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. जन्मभर बँकेत काम केलेली बाई मी, कुंडली न बघता लग्न केलेली, आणि मला वाटत होतं की मी ते लिहिलं तर ते होईल.

त्यात भर म्हणजे मला मरण लिहिताच येत नव्हतं. माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी काचेच्या दाराबाहेर होते. आत नळ्या होत्या, हिरवा पडदा होता, आणि बाहेर आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. एक नर्स येऊन सांगून गेली. आत गेले तर सगळं आवरून झालं होतं, आईचे केसही कुणीतरी विंचरून ठेवले होते, उलटा भांग पाडून. ती भांग डावीकडे पाडायची. माझ्या आठवणीत मरण म्हणजे तो उलटा भांग आहे, बाकी काही नाही. तिच्या शेवटच्या घटकेला मी तिथं नव्हते, कुणीच नव्हतं, तोंडात पाणी घालायलाही नाही. आता पंचफुलाच्या उशाशी मला बसायचं होतं आणि तिथं कसं बसतात हेच मला माहीत नव्हतं.

मामा गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी लिहायला बसले. लाज माणसाला बसवते, एवढं खरं. मामा जाताना सांगून गेले होते, "बागेतलं एक झाड ठेवलं हाय बाईसाठी. तोडाईवाल्याले हात नाई लावू देला. मांगच्या सालीबी ठेवलं होतं, सारं गयून खाली पडलं." मृगाची संत्री, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलांची, सगळ्यात गोड, रामनवमीपर्यंत झाडावर जेमतेम टिकतात. भाजी आणायला बाहेर पडले की मी गाड्यांकडे बघायची. सुरुवातीला सगळ्या गाड्या केशरी होत्या. मग त्यात हिरवी काळी द्राक्षं घुसली, मग टरबुजं आली. एका कोपऱ्यावरचा संत्रेवाला एका सकाळी चक्क काकड्या घेऊन उभा दिसला आणि मी त्याच्यावर वस्सकन ओरडले, "संपली?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मिलेगा ना, अंदर मार्केट में." मी उगाच अर्धा किलो काकड्या घेतल्या आणि घरी येऊन लिहायला बसले. त्या सकाळी पंचफुलानं अंथरूण धरलं. तिच्या कपाळावर हात ठेवून नात म्हणते, आजी, तुला ताप आहे. तिथं मी थांबले, कारण स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला.

आईंना ताप होता. साधा, ऋतू पालटताना येतो तसा. मी थर्मामीटर लावला, गोळी दिली, आलं घालून काढा केला, आणि मग गुपचूप खोलीत जाऊन ते पान पुसून टाकलं. पंचफुला पुन्हा टुणटुणीत, अंगणात वाळवण घालते आहे. दुसऱ्या दिवशी आईंचा ताप उतरला. तुम्ही हसा, मीही हसले असते दुसऱ्या कुणाला. पण मी दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकले नाही. अमोलला शेवटी सांगितलंच. तो कूलरला नवी खस, म्हणजे वाळा, लावत होता, बोटांना काड्या चिकटलेल्या. सगळं ऐकून म्हणाला, "सांगून टाक ना मग, झाली पुरी म्हणून. आईले कुठं वाचायचं आहे? तिचं संत्रं सुटेल, तू सावकाश लिही." मला राग यायला हवा होता. उलट हायसं वाटलं. इतकं सोपं होतं की इतके दिवस सुचलं कसं नाही असं वाटलं. दुपारी आई वरांड्यात गहू निवडत होत्या. मी शेजारी बसले, दोन मुठी गहू निवडले आणि म्हटलं, "आई, झाली हो पुरी. कादंबरी."

त्यांचा हात सुपातच थांबला. चेहरा असा उजळला की मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खरंच वं?" म्हणाल्या. मग नाकाला बोट लावून विचारलं, "मंग? पंचफुला कशी मेली?"

पंचफुला त्यांच्या ओळखीची होती, हे मी विसरलेच होते. सुरुवातीची प्रकरणं मी त्यांना वाचून दाखवायची, त्या मेथी निवडत ऐकायच्या, मध्येच पंचफुलाच्या नवऱ्याला शिव्या घालायच्या. मग मी वाचणं बंद केलं, का ते आता कळलंच असेल. मी म्हटलं, "मेली म्हणून कोण म्हणालं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "बुढीचं पुस्तक हाय. बुढी मेल्याबिगर कसं संपन?" मी गव्हातला एक खडा शोधत राहिले, नव्हता तरी. आईंनी सूप बाजूला ठेवलं. रागावल्या नाहीत. खोटं बोललीस असंही म्हणाल्या नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती दिवस जगवशीन तिले? थकली असन ना थे. मारून टाक वं आता. रामाले काय सांगू मी?" आणि पुन्हा गहू. त्यांच्या हाताला गव्हाची धूळ लागली होती, ती माझ्या सलवारीवर उमटली, आणि मी ती झटकली नाही. त्या क्षणी मला त्यांचा इतका लळा वाटला की रडू आलं आणि त्याच वेळी चीडही आली, की ही बाई एवढ्या सहज हे बोलते आणि मी मात्र वाळवण घालत बसले आहे.

त्या दिवसापासून मी सकाळी चहाच्या आधी बसू लागले. टेबल कुठंही असो. पंचफुलानं पुन्हा अंथरूण धरलं आणि या वेळी मी कान बंद ठेवले. खोकला आला तरी येऊ दे. एकदा मध्येच उठून बघून आले, खोटं कशाला बोलू, पण आई तुळशीला पाणी घालत होत्या आणि मला बघून म्हणाल्या, "काय पायतं? जा, बस." मी गेले, बसले. पंचफुलाभोवती माणसं गोळा केली. बाहेर उन्हाचा ताव वाढत होता, कूलर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा खशीचा वास सगळ्या घरभर गेला आणि तो वास मी तसाच तिच्या खोलीत नेला. मला वाटत होतं, हात थरथरेल, जीव जाईल. तसलं काही झालं नाही. लिहिता लिहिता मला नुसतं तिचं करावंसं वाटत होतं. उशी नीट करावी, पदर सारखा करावा, भांग डावीकडे पाडावा. तेवढं सगळं केलं. नवमीच्या आदल्या सकाळी नातीनं तिच्या तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं आणि पंचफुला गेली. मी लॅपटॉप मिटला नाही. तसाच उचलला आणि वरांड्यात नेला.

गोपाळमामा सकाळच्याच बसनं आले होते, नवमीला रामटेकला सगळ्यांनी मिळून जायचं म्हणून. थैली या वेळी त्यांनी मांडीवर घेऊन ठेवली होती. साली सैल झालेली, थोडी सुकलेली, त्या एका झाडाची संत्री. मी वाचायला लागले. अमोल दाराला टेकून उभा राहिला. आई पाय लांब करून बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि मला मध्येच वाटलं की झोपल्या, आणि मध्येच दुसरंही काही वाटलं, म्हणून मी आवाज उगाच चढवला. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "बहिरी नाई मी." शेवटाकडे मी ओळीवर बोट ठेवलं. कसंबसं वाचलं. गंगाजल, तुळशीचं पान, संपलं.

मामा उपरण्यानं नाक पुसत होते. आईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "गंगाजल तं सगळेच घालतात. तिची बाग होती ना वं संत्र्याची? मंग?" मी म्हटलं, "मग काय?" "मंग तिले संत्रं काहून नाई देलं? जलमभर लावली, पाणी देलं, लोकायले खाऊ घातली, अन् जाताना तोंडात एक थेंब नाई? आता तिच्या घशाखाली उतरन काय फोड? बोटानं दाबून, पियून दोन थेंब जिभेवर सोडायचे. तिच्या नातीले इतकं समजत नाई?" नातीला समजत नव्हतं, कारण मला समजत नव्हतं. मी काचेच्या दाराबाहेर बसलेली मुलगी, मला पुस्तकातलं गंगाजलच ठाऊक होतं. मी तिथंच जमिनीवर बसून ते वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं. नातीनं फोडीचा दोरा काढला, फोड बोटात धरली, पिळली. पंचफुलाची जीभ हलली. ती किंचित हसली असंही लिहिलं होतं, ते काढून टाकलं. जीभ हलली, पुरे. पुन्हा वाचलं. आई ऐकत होत्या, ओठ थोडे उघडे ठेवून.

"हां," त्या म्हणाल्या. "आता मेली बरोबर." मग भावाकडे हात केला. "आण रे इकडं. एक रामासाठी येगयं ठेव."

मामांनी थैलीतलं बरं बघून एक संत्रं देवघरात नेऊन ठेवलं आणि दुसरं बहिणीला दिलं. आईंनी ते माझ्या हातात दिलं. "तू सोल." मी देठाकडून अंगठा घातला, साल तुटली, दोरे तुटले, माझ्यानं त्यांच्यासारखं कुठलं व्हायला. फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती आधी बघितली, मग तोंडात घातली आणि चावली नाही, नुसती धरून ठेवली बराच वेळ. मान खाली होती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, गळा हललेला दिसला. अमोलनं विचारलं, "गोड आहे का, आई?" त्या म्हणाल्या, "थोडं सुकलं हाय. पण हाय." आणि दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली, लहान मुलासारखी घाईघाईनं. मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलं. "दामिनी," म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलं तसंच करजो बरं का. इसरू नोको. दोन थेंब."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या मेथीच्या जुडीपासून ठाऊक होतं पंचफुला कोण ते. माझे डोळे भरले आणि मला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "त्याची मी भरपूर चालढकल करीन, आई. तारीख पे तारीख."

"कर," त्या म्हणाल्या आणि उरलेलं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "थ्यात तुहा हात कोणी धरू शकत नाई."